अण्णांसाठी घेतलेला एअर बेड : नऊ महिन्यांच्या वापरानंतर

अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, पक्षाघाताचा झटका आला तो मेंदूच्या डाव्या बाजूला. उजवा हात-पाय गेला आणि वाचाही गेली. तीन आठवड्यांनी घरी आणलं तेव्हा नाकात जेवणाची नळी होती, लघवीला कॅथेटर होता. निघताना सिस्टरनी बजावलं, "एअर बेड घ्याच, नाहीतर पाठीला जखमा होतील." त्याच संध्याकाळी सर्जिकलच्या दुकानातून फुग्याफुग्यांची गादी आणि पंप आणला. साडेतीन हजारांच्या आत काम झालं. तेव्हा मला या गादीबद्दल काहीच माहीत नव्हतं. दुकानात कुणी सांगत नाही, म्हणून सगळं लिहिते आहे.

गादीत फुग्यांच्या दोन माळा असतात. एक फुगते तेव्हा दुसरी सैल पडते आणि काही मिनिटांनी उलट होतं. आमच्या पंपाला या पाळीला दहा-बारा मिनिटं लागतात. झोपलेल्या माणसाचा भार त्यामुळे एकाच जागी राहत नाही. माकडहाड, खुबा, टाच, डोक्याची मागची बाजू, जिथे हाड कातडीच्या जवळ असतं तिथे सतत दाब राहिला की रक्त पोचत नाही आणि कातडी आतून मरायला लागते. आपण झोपेतही नकळत कूस बदलतो. अण्णांना ते जमत नव्हतं. उजव्या बाजूला काही टोचतंय हे त्यांना कळत नव्हतं, आणि कळलं असतं तरी सांगायला शब्द नव्हते.

पहिल्या दीड महिन्यात माझ्याकडून मोठी चूक झाली. गादी आली म्हणून मी रात्रीची कूस बदलणं सोडलं. दिवसा रुग्णसेवेच्या ब्युरोकडून आलेल्या मावशी असायच्या, त्या न चुकता वळवायच्या. रात्री अकरानंतर मी एकटी, दिवसभराची दमलेली, आणि पंप आपला घुं-घुं करत चालू. वाटायचं, मशीन काम करतंय, आपण झोपावं. एके दिवशी सकाळी डायपर बदलताना मावशींनी हाक मारली, "ताई, हे बघा." माकडहाडावर रुपयाएवढा लाल डाग होता. मावशींनी बोटाने दाबून दाखवलं. नुसता लालसरपणा असेल तर दाबल्यावर कातडी पांढरी पडते आणि मग पुन्हा लाल होते. हा डाग दाबूनही लालच राहिला. ही जखमेची पहिली पायरी असते, कातडी फुटलेली नसली तरी.

मी तिथे तेल चोळायला गेले तर त्यांनी हात धरला. लाल झालेल्या जागी चोळायचं नाही, खालचं नाजूक मांस आणखी दुखावतं. मधे भोक असलेली रबरी रिंगही ठेवायची नाही, तिच्या कडेला दाब बसतो. त्या दिवसापासून रात्री साडेअकरा, दीड, साडेतीन आणि साडेपाच असे गजर लावले. माकडहाडावर अजिबात भार द्यायचा नाही म्हणून नुसतं डावी-उजवी. पूर्ण कुशीवर न वळवता पाठीमागे उशी देऊन साधारण ३० अंश कलतं, म्हणजे खुब्यावरही भार येत नाही. डाग जायला दोन आठवडे लागले. ते दोन आठवडे मी विसरणार नाही.

फिजिओथेरपिस्टनी तेव्हा लुडविग गुटमन या डॉक्टरांबद्दल सांगितलं. १९४४ साली त्यांनी इंग्लंडमध्ये स्टोक मँडव्हिलला मणक्याच्या दुखापतीचा विभाग सुरू केला. तोवर असे रुग्ण बहुतेक करून पाठीच्या जखमांनी आणि लघवीच्या संसर्गाने जायचे. त्यांनी दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा, कूस बदलण्याची शिस्त लावली. तेव्हा असले पंप नव्हते, माणसंच माणसांना वळवत होती. हे ऐकल्यावर गजराचा कंटाळा करायची मला लाज वाटली.

आता गादीविषयी. पंपावर वजनाप्रमाणे फिरवायचं बटण असतं. आम्ही सुरुवातीला ते शेवटपर्यंत फिरवून ठेवलं होतं, गादी टणक तेवढी चांगली असं समजून. ते चूक होतं. अण्णा ५८ किलोंचे, त्या मानाने कमी हवं होतं. सेटिंग बरोबर आहे का हे बघायला गादीखालून, बरोबर कमरेच्या खाली, तळहात सरकवायचा. हात आणि शरीर यांच्यामध्ये इंचभर तरी हवा जाणवली पाहिजे. हाड हाताला लागलं तर गादी असून नसल्यासारखी. मी रोज सकाळी एकदा बघते.

वर एकच पातळ सुती चादर, तीही सैल. आम्ही आधी रेक्झिन, त्यावर जाड चादर, त्यावर दुपटं असं घातलं होतं. एवढ्या थरांतून फुग्यांची उघडझाप अंगाला पोचतच नाही, वर घाम धरतो. आईची जुनी सुती साडी चौपदरी घडी करून कमरेखाली घातली, ती मात्र फार उपयोगी पडली. दोघींनी दोन बाजूंनी धरून उचललं की अण्णा घसटत नाहीत. एकटीने ओढलं तर घसटतात, आणि घसटण्याने कातडी लवकर सोलते.

टाचांना ही गादी पुरत नाही. पोटरीखाली उशी देऊन टाच अधांतरी ठेवावी लागते. उजवा हात कधीही ओढायचा नाही, खांदा निखळतो. त्याखाली उशी हवीच. नळीतून भरवताना डोक्याकडची बाजू ३० ते ४५ अंश वर करावी लागते आणि नंतर तासभर तशीच ठेवावी लागते, नाहीतर अन्न फुप्फुसात जायची भीती. पण तसं बसलं की माणूस खाली घसरतो आणि सगळा भार माकडहाडावर येतो. म्हणून आधी गुडघ्यांकडचा भाग थोडा उचलायचा, मग डोकं. हे ज्या दिवशी कळलं त्या दिवसापासून घसरणं निम्म्यावर आलं.

वीज गेली की गादी हळूहळू बसते. इन्व्हर्टरवर जोडून घ्या. नळी पलंगाच्या दांड्यात अडकून मुडपली तरी एक माळ बसून राहते आणि वरून दिसत नाही. आमच्याकडे हे दोनदा झालं. गादीमुळे उंची वाढते, तेवढा पलंगाचा कठडा बुटका होतो. एकदा अण्णांचा डावा पाय कठड्यावरून बाहेर गेला होता. मणक्याचं फ्रॅक्चर असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ही गादी घालू नका.

सहाव्या महिन्यापासून वेगळीच अडचण आली. अण्णा सावरू लागले, नळी निघाली, डाव्या हाताने कठडा धरून ते स्वतः वळायचा प्रयत्न करू लागले. हवेच्या गादीवर जोर द्यायला आधार मिळत नाही, हात आत रुततो. पलंगाच्या कडेला बसवलं तर तोल जातो. म्हणून आता व्यायामाच्या वेळी त्यांना खुर्चीत घेतो. रात्री मात्र एअर बेडच.

नवव्या महिन्यात पायाकडच्या ओळीतले तीन फुगे गळू लागले. सोबत आलेल्या पट्ट्या चिकटवल्या, त्या आठवडाभर टिकल्या. पंप ठणठणीत आहे. ज्यांना काही महिनेच लागणार त्यांना फुग्यांची गादी पुरेल. ज्यांचं आजारपण लांबणार आहे त्यांनी आडव्या नळ्यांची घ्यावी, महाग पडते पण एक नळी फुटली तर तेवढीच बदलता येते. आम्ही आता तीच मागवली आहे. ती येईपर्यंत उशी पायाकडे सरकवून चालवतो आहोत, आणि दीडचा गजर चालूच आहे.