पोलोला कॉइलओव्हर बसवून सात महिने: कुठला आवाज कुठून येत होता

सुरुवातीलाच सांगतो, हा उंची बदलता येणाऱ्या स्प्रिंग आणि शॉक ॲब्सॉर्बरचा (शॉकॲबचा) सेट वाईट नाही. सात महिन्यांत नऊ हजार किलोमीटर झाले, एकाही शॉकॲबमधून तेल गळलेलं नाही, आणि ताम्हिणीत गाडी आता वळणाला जशी चिकटून जाते तशी आधी कधीच जात नव्हती. पण पहिले दोन महिने मी स्वतःलाच शिव्या घालत होतो. लाखाच्या आसपास पैसे घालून चांगल्या गाडीचा छोटा हत्ती करून घेतला, असं वाटायचं.

गाडी २०१८ ची पोलो जीटी टीएसआय. पुढे मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकॲब एकाच खांबात), मागे टॉर्शन बीम (दोन्ही चाकं जोडणारा आडवा दांडा). म्हणजे खरं कॉइलओव्हर, शॉकॲबभोवतीच स्प्रिंग असलेलं, फक्त पुढेच. मागे स्प्रिंग वेगळी, शॉकॲब वेगळा, आणि उंची स्प्रिंगजवळच्या आटे असलेल्या ॲडजस्टरवर कमी-जास्त होते.

पहिला आवाज दुसऱ्याच दिवशी. सोसायटीच्या गेटातला स्पीडब्रेकर उतरताना पुढून, डाव्या बाजूनं, ‘टक’. बसवून देणारा म्हणाला, “सर, कॉइलओव्हर म्हटलं की थोडा आवाज येणारच.” मी ते ऐकून घेतलं, ही माझी चूक. सस्पेन्शन कडक असणं वेगळं आणि वाजणं वेगळं. वाजतंय म्हणजे कुठेतरी दोन वस्तूंमध्ये फट आहे.

इथे फट दोन ठिकाणी निघाली. टॉप माउंटचा, म्हणजे स्ट्रट वर बॉडीला जिथे बसतो तिथला, नट नुसत्या इम्पॅक्ट गननं मारला होता. गन लावली की शॉकॲबचा रॉडही नटाबरोबर फिरतो आणि नट आवळल्यासारखा वाटतो. रॉड ॲलन कीनं धरून वरून पान्यानं आवळला, तर जवळजवळ पाऊण फेरा आणखी बसला! दुसरी भानगड जास्त महत्त्वाची. माझ्या सेटमध्ये उंची खालचा ब्रॅकेट फिरवून बदलायची असते. स्प्रिंगखालची रिंग असते ती प्रीलोडसाठी, म्हणजे स्प्रिंग आधीच थोडी दाबून ठेवण्यासाठी. याने ब्रॅकेटला हात न लावता रिंगच खाली घेतली होती. गाडी दिसायला मस्त बसली, पण चाक खाली लोंबलं की स्प्रिंग आपल्या जागेवर सैल व्हायची आणि वजन परत आलं की ‘टक’ करून बसायची. जॅकवर गाडी उचलून मी स्प्रिंग हातानं हलवून पाहिली, तर ती सहज फिरत होती. रिंग वर घेऊन स्प्रिंगचा खुळखुळा बंद केला, वर जेमतेम चार मिलिमीटर प्रीलोड दिला, उंची ब्रॅकेटवर जुळवली, लॉक रिंगा आवळल्या. तो आवाज तिथेच संपला.

दुसरा आवाज पार्किंगमध्ये. उभ्या गाडीचं स्टिअरिंग फिरवलं की ‘टुंग’, तंबोऱ्याची तार सुटावी तसा. बायकोला स्टिअरिंगवर बसवलं आणि गाडी जमिनीवरच ठेवून चाकाच्या कमानीतून हात घालून स्प्रिंगवर तीन बोटं टेकवली. स्टिअरिंग हळूहळू फिरत होतं, स्प्रिंग मात्र जागची हलत नव्हती. नुसती पीळ खात होती. मग एकदम उडी मारून सुटली, बोटांना झटका, कानाला टुंग. स्टिअरिंगबरोबर स्प्रिंगला फिरू देणारं स्ट्रटचं बेअरिंग! जुनंच परत घातलेलं, आतून गंजून अडकलेलं. दोन्ही बाजूंना नवीन घातली. ही वस्तू सेटच्या मानानं इतकी स्वस्त आहे की जुनी परत वापरायला कारणच नाही. आवळताना कायमचे ताणले जाणारे बोल्टही तसेच, खोलले की नवेच घालायचे.

आता जागेचा प्रश्न. आधी मी गाडी ४० मिलिमीटर खाली घेतली होती. टायर आणि स्प्रिंगखालची रिंग यांच्यात माझी करंगळीही जाईना. वळणावर टायरची आतली कड घासून चकाकायला लागली. ५ मिलिमीटरचे स्पेसर (चाक बाहेर सरकवणाऱ्या चकत्या) घातले. पोलोचं हब ५७.१ मिलिमीटरचं आहे, त्याच मापाचे घ्या, नाहीतर आवाज जाऊन थरथर येईल. बोल्टही तेवढेच जास्त लांब लागतात. हातानं फिरवताना निदान सात-आठ आटे आत गेले नाहीत तर ते स्पेसर परत करा.

चाक बाहेर सरकल्यावर लायनर (कमानीतलं प्लॅस्टिकचं अस्तर) घासेल ही भीती. लायनरला आतून आणि कमानींच्या कडांना खडू फासला, मागे तिघांना बसवून पुण्यातल्या पाषाणच्या बाजूनं एक चक्कर मारली. पुढे नाही, मागच्या कमानीच्या ओठावर खडू पुसलेला. कमानीचा पत्रा आत वळवून देतो म्हणणारे बरेच भेटले. रंग तडकला की पावसाळ्यात गंज ठरलेला, म्हणून मी गाडीच वर घेतली. आता २० मिलिमीटर खाली आहे आणि तेवढं पुरे. स्पीडब्रेकर नियमानं १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद हवा. आपल्याकडे तो ज्याच्या त्याच्या मनासारखा असतो.

उंची बदलल्यावर तीन कामं माझ्याकडून आधी राहिली होती: खालच्या आर्मच्या बुशचे (रबरी सांध्यांचे) बोल्ट सैल करून गाडी चाकांवर उभी असताना परत आवळणं (नाहीतर रबर कायम पिळलेलं राहतं आणि कुरकुरतं), अलाइनमेंट, आणि हेडलाइटची पातळी. आणि विमा कंपनीला कळवणं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीतल्या बदलांबद्दलच आहे, ते आधी वाचा; क्लेमच्या वेळी वाचण्यात मजा नाही.

पावसाळ्यानं आटे चिखलानं भरले. सप्टेंबरमध्ये मागची उजवी रिंग जाम झाली, ब्रश आणि डब्ल्यूडी-४० घेऊन अख्खी दुपार गेली. आता दर धुण्याला आटे ब्रशनं साफ करतो.

एक आवाज अजून शिल्लक आहे. थंड सकाळी मागून डावीकडून चिंक-चिंक. मागच्या स्प्रिंगखाली येणारं रबर जुन्या स्प्रिंगांबरोबर भंगारात गेलंय, लोखंडावर लोखंड बसलंय. रबर मागवलंय, रविवारी घालीन.