धुराडं घराच्या पोटात घेतलं: आठ महिन्यांनंतरचा अनुभव

नकाशाच्या पहिल्या कागदावर आमची फायरप्लेस दिवाणखान्याच्या बाहेरच्या भिंतीत होती आणि धुराडं घराबाहेर, भिंतीला टेकून उभं. चित्रात ते देखणं दिसायचं, शिवाय आतली इंचभरही जागा जात नव्हती. आमच्या मिस्त्रींनी कागद पाहिला आणि म्हणाले, "ताई, हे तीन बाजूंनी गारठणार. गार धुराड्याला ओढ नसते." आर्किटेक्टशी दोन बैठका झाल्या आणि फायरप्लेस घराच्या मधोमध, दिवाणखाना आणि जेवणघर यांच्यामधल्या भिंतीत आली. राहायला येऊन आता आठ महिने झाले. अख्खा हिवाळा जवळपास रोज संध्याकाळी आग पेटली. जे बांधायच्या बेतात आहेत त्यांनी जागा पक्की करण्याआधी हे वाचावं, म्हणून सविस्तर लिहिते.

धूर वर जातो तो नळीतली हवा बाहेरच्या हवेपेक्षा गरम आणि म्हणून हलकी असते म्हणून. नळी जितकी उंच आणि आतली हवा जितकी गरम, तितकी ओढ जास्त. धुराडं घराच्या आतून गेलं की आग नसतानाही त्याच्या विटा घराइतक्या उबदार राहतात, आणि काडी लावली की धूर लगेच वर चढतो. बाहेरच्या धुराड्यात रात्रभर गार हवेचा जड स्तंभ साचून बसतो. तो हलेपर्यंत धूर खोलीत येतो. माझ्या बहिणीच्या घरी धुराडं बाहेरून आहे. तिथे दरवेळी आधी वर्तमानपत्राची गुंडाळी पेटवून झडपेखाली (नळी उघडायच्या-बंद करायच्या झाकणाखाली) धरावी लागते, नळी तापवावी लागते, मग लाकडं. आम्हाला संपूर्ण हिवाळ्यात हे दोनदाच करावं लागलं, तेही आठवडाभर परगावी जाऊन आल्यावर.

किंमत मोजली ती जागेची. वरच्या मजल्यावर निजायच्या खोलीतलं कपाट गेलं, कारण विटांचा तो खांब तिथूनच छपरात जातो. तेव्हा मला फार वाईट वाटलं होतं. आता तीच भिंत पहाटेपर्यंत कोमट असते. आईंची खाट आम्ही तिच्याजवळ सरकवली, आणि त्यांनी रात्रीचं दुसरं पांघरूण घेणं सोडलं.

मध्यावर धुराडं घ्यायचं तर ते कोणत्या तुळयांमधून जाणार, हे नकाशातच ठरायला हवं. घरातून जाणाऱ्या विटांच्या धुराड्याला लाकूड टेकलेलं चालत नाही, मध्ये किमान दोन इंच मोकळी जागा लागते. त्या फटीत काहीही भरायचं नाही. मजल्याच्या पातळीवर तेवढी न जळणाऱ्या पत्र्याने बंद करायची. आमची एक तुळई नेमकी आड येत होती. कागदावर ती दीड फूट सरकवायला पाच मिनिटं लागली. उभ्या घरात तेच करायचं म्हणजे तुळई कापून दोन्ही बाजूंना आधार देत बसणं. पायाचंही तसंच. विटांच्या धुराड्याचं वजन प्रचंड असतं, त्याला स्वतःचा पाया लागतो, फरशीवर ते उभं करता येत नाही.

छपराच्या बाबतीत मध्यावरची जागा सर्वांत जास्त उपयोगी पडली. धुराड्याचं तोंड छपरातून बाहेर पडतं तिथून निदान तीन फूट वर हवं, आणि दहा फुटांच्या आत जे काही असेल त्यापेक्षा निदान दोन फूट उंच हवं. आढ्याजवळून बाहेर पडलं की हे थोडक्यात साधतं. वळचणीजवळ काढलं असतं तर छपराबाहेर कितीतरी उंच खांब उभा करावा लागला असता. तो वाऱ्यात उभा, गार, आणि वरून वाहत येणारं पाणी त्याच्या पाठीशी अडणार. दोन पाखी जिथे मिळतात त्या खळग्यात तर धुराडं काढूच नका. सगळ्या छपराचं पाणी तिथे येतं. आमच्याकडे एका पावसाळी आठवड्यात संततधार होती, आणि धुराडं आणि छप्पर यांच्या सांध्यावरच्या पत्र्यातून एक थेंबही आत आला नाही.

आता चुका. आमचं स्वयंपाकघर, जेवणघर आणि दिवाणखाना एकाच सलग हवेत आहेत, मध्ये दार नाही. पहिल्याच आठवड्यात मी आग पेटलेली असताना एक्झॉस्ट फॅन लावला आणि दोन मिनिटांत धूर फायरप्लेसच्या तोंडातून बाहेर लोळायला लागला. उघड्या फायरप्लेसला भरपूर हवा लागते, फॅनलाही लागते, आणि नवीन घरं इतकी घट्ट बांधलेली असतात की दोघांना पुरेल एवढी हवा आत येतच नाही. जोर फॅनचा जास्त, म्हणून तो धुराड्यातूनच हवा ओढून घेतो. तेव्हापासून आग असताना फॅन बंद, आणि खालच्या मजल्यावरची एक खिडकी बोटभर उघडी. यावर खरा उपाय म्हणजे बाहेरून थेट चुलाण्यापर्यंत हवेची नळी, पण ती फरशी घालण्याआधीच टाकायची असते. आम्हाला कुणी सुचवलं नाही आणि आम्ही विचारलं नाही.

दुसरा प्रसंग जास्त शिकवून गेला. एका रात्री खाली निखारे होते आणि मुलाने वरच्या मजल्यावरची खिडकी पूर्ण उघडली. जिना फायरप्लेसपासून सहा पावलांवर आहे. गरम हवा जिन्याने वर जाऊन खिडकीतून निघू लागली, म्हणजे अख्खं घरच धुराडं झालं, आणि खरं धुराडं उलटं, वरून खाली वाहू लागलं. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म वाजला म्हणून कळलं. या वायूला वास नसतो, रंग नसतो. वरची खिडकी लावली, खालची उघडली, सगळे व्हरांड्यात जाऊन थांबलो. अलार्म प्रत्येक मजल्यावर हवाच. आणि पुन्हा घर बांधलं तर फायरप्लेस आणि जिना यांच्यामध्ये एक दार नक्की ठेवेन.

मापाबद्दल थोडं. आमच्या फायरप्लेसचं तोंड तीन फूट रुंद आणि अडीच फूट उंच आहे, गोल नळी बारा इंच व्यासाची. नळीचा छेद तोंडाच्या साधारण दहाव्या हिश्श्याइतका येतो आणि ते प्रमाण नीट चाललं आहे. फायरप्लेससमोर जमिनीवर असते त्या दगडी पट्टीसाठी आम्ही अमेरिकी निवासी बांधकाम संहितेतली मापं धरली: तोंड सहा चौरस फूट किंवा जास्त असेल तर पुढे २० इंच आणि दोन्ही बाजूंना १२ इंच, त्याहून लहान असेल तर १६ आणि ८. ही पट्टी खोलीत किती पुढे येते ते बैठक मांडण्याआधी जमिनीवर खडूने आखून बघा. आम्ही आखलं, आणि सोफ्याची जागा तिथेच बदलली.

आतला आकार रम्फर्ड पद्धतीचा आहे: उथळ, बाजू तिरक्या, गळा अरुंद. बेंजामिन थॉम्पसन, म्हणजे काउंट रम्फर्ड, यांनी १७९६ साली हा विचार मांडला. खोल कोनाड्यात उष्णता विटांनाच मिळते, उथळ आणि तिरक्या बाजूंवरून ती खोलीत परतते. फरक समोर बसल्यावर जाणवतो. तरीही फायरप्लेसवर घर तापेल अशी आशा ठेवू नका. उघड्या आगीची बहुतेक ऊब वरच जाते, जोडीला खोलीतली तापलेली हवाही. निखारे पूर्ण विझल्याशिवाय झडप बंद करता येत नाही, त्यामुळे रात्रभर घरातली ऊब हळूहळू निघून जात असते. आम्ही म्हणून आता रात्री नऊनंतर नवीन लाकूड घालत नाही.

लाकडाच्या वाटेचा विचार मात्र राहून गेला. सरपण मागच्या अंगणात, आणि ते आणायचं तर जेवणघर ओलांडून. रोज साली आणि माती झाडावी लागते. मागचं दार आणि फायरप्लेस यांच्यातलं अंतर नकाशात मोजायला हवं होतं.

हिवाळा संपल्यावर धुराडं साफ करून घेतलं. घरातून जाणाऱ्या भागात फक्त पातळ, कोरडी काजळी निघाली. छपराबाहेरच्या तीन-चार फुटांत मात्र चिकट, काळा थर होता, कारण तिथे धूर थंड होतो आणि डांबरासारखा चिकटून बसतो. पेट घेतो तो हाच थर. काही लाकडं पुरती वाळलेली नव्हती, तेही कारण असणार. या वर्षीचं सरपण आम्ही आत्ताच फोडून, वरून झाकून आणि बाजूंनी वारा लागेल असं रचून ठेवलं आहे. हवेच्या नळीसाठी पुढच्या महिन्यात मिस्त्री येणार आहेत. राख काढायच्या दाराच्या बाजूने ती आत घेता येईल का, ते बघायला.