क्वांट: विद्युतवहनासाठी उत्तम, उष्णतेचे गणित मात्र आपण करायचे

नॅनोमीटर मापाच्या तारेतून वीज आणि उष्णता कशी वाहते, हे संगणकावर काढून पाहायचे असेल, तर पायथनमधील ‘क्वांट’ हे मोफत, मुक्तस्रोत पॅकेज भौतिकशास्त्राच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना मी निःसंकोच सुचवतो. क्रिस्टोफ ग्रोथ, मायकेल विमर, अँटन अखमेरोव आणि झेवियर वेंतल यांनी ते घडवले आणि २०१४ मध्ये ‘न्यू जर्नल ऑफ फिजिक्स’मध्ये त्याची रीतसर मांडणी केली.

त्याच्या मुळाशी भौतिकशास्त्रज्ञ रॉल्फ लांडाउअर यांचा विचार आहे: इलेक्ट्रॉनची तरंग नमुन्यातून किती पार जाते, त्यावर वाहकता ठरते. आपण जालकातले (अणूंच्या जाळीतले) बिंदू आणि त्यांच्यामधील इलेक्ट्रॉनच्या उड्यांची ऊर्जा सांगायची, टोकांना अनंतापर्यंत जाणारे लीड, म्हणजे जोडतारा, जोडायचे. प्रकीर्णन सारणी, म्हणजे आलेल्या तरंगाचा किती भाग पार जातो आणि किती परततो याचा तक्ता, काढण्याचे किचकट काम पॅकेज करते. दहा बिंदू रुंदीची साधी तार घ्या. उडीची ऊर्जा एक धरली, तर अमर्याद चौरस जालकाच्या ऊर्जापट्ट्याच्या तळापासून मोजलेल्या ०.०८१ या ऊर्जेपर्यंत पारगमन (इथे, पार जाणाऱ्या तरंग-वाटांची संख्या) शून्य राहते, तेथे ते एकदम एक होते आणि ०.३१७ च्या पुढे दोन. दोनमधून ‘पाय भागिले अकरा’च्या कोसाइनची दुप्पट वजा केली की पहिली पायरी कागदावरही निघते, त्यामुळे आपला प्रोग्राम बरोबर आहे की नाही याची खातरजमा तिथल्या तिथे होते. १९८८ मध्ये डेल्फ्ट आणि केंब्रिज येथील प्रयोगांत दिसलेल्या पायऱ्या याच होत. इलेक्ट्रॉनच्या दोन्ही फिरकी (स्पिन) मोजल्या की पहिल्या पायरीचा रोध सुमारे १२.९ किलो-ओहम येतो.

उष्णतेचे मात्र तयार फंक्शन नाही. निरनिराळ्या ऊर्जांवरचे पारगमन घेऊन फर्मी फलनाच्या (कोणत्या ऊर्जेला किती इलेक्ट्रॉन असतात हे सांगणाऱ्या सूत्राच्या) उताराशी त्याची तीन संकलने आपणच करायची असतात. मला ही उणीव वाटत नाही, कारण खरी गंमत याच संकलनांत दडलेली आहे. सपाट पायरीच्या मधोमध, तापमान पुरेसे कमी असताना, उष्णतावाहकता आणि विद्युतवाहकता यांचे प्रमाण सांगणारा १८५३ चा वीडेमान-फ्रान्झ नियम चोख उतरतो आणि लोरेन्झ अंक (हे प्रमाण भागिले तापमान) २.४४ × १०⁻⁸ वॅट-ओहम प्रति केल्विन वर्ग मिळतो. रासायनिक विभव (इलेक्ट्रॉन ज्या ऊर्जेपर्यंत भरलेले असतात ती पातळी) नेमका पहिल्या पायरीच्या कडेवर आणला, की हाच अंक सुमारे ४२ टक्क्यांवर घसरतो आणि सीबेक गुणांक (तापमानातील दर अंशाच्या फरकामागे तयार होणारा विद्युतदाब) १२० मायक्रोव्होल्ट प्रति केल्विनच्या जवळ पोहोचतो. कडेच्या वरचेच इलेक्ट्रॉन पार जातात, खालचे अडतात. त्यामुळे तापमानातील फरकातून विद्युतदाब तयार होतो. पाठ्यपुस्तकात सरळ मांडलेला नियम स्वतःच्या आलेखावर ढळताना पाहणे हा शिकण्याचा फार चांगला मार्ग आहे.

येथे एक काळजी घ्यावी. अगदी कडेवरच्या ऊर्जेला लीडमधील तरंगाचा वेग शून्य होतो आणि गणन अस्थिर बनते, म्हणून ऊर्जेच्या जाळीतील बिंदू तिच्यावर पडू देऊ नये. शिवाय जाळीतील अंतर औष्णिक ऊर्जेपेक्षा बरेच कमी ठेवावे, नाहीतर संकलने चुकतात आणि लोरेन्झ अंकाची घसरण नीट दिसत नाही.

मर्यादा स्पष्ट आहेत. इलेक्ट्रॉनांचे परस्परांशी होणारे ढकलणे मूळ पॅकेजमध्ये येत नाही, त्यामुळे त्यातून उद्भवणाऱ्या कूलॉम्ब अवरोध किंवा कोंडो परिणाम यांसारख्या घटनांसाठी दुसरी पद्धत शोधावी लागते. वरील हिशेबात जालकाच्या कंपनांनी वाहून नेलेली उष्णताही नाही; अर्धसंवाहक नमुन्यात तापमान वाढले की तीच वरचढ ठरू शकते, म्हणून प्रयोगाशी तुलना करताना ती वेगळी धरावी. बसवताना ‘मम्प्स’ हे समीकरण-सोडवणारे ग्रंथालय सोबत घ्यावे, कारण ते नसेल तर क्वांट साय-पाय या पायथनच्या सर्वसाधारण गणिती ग्रंथालयावर काम चालवते आणि मोठ्या नमुन्यांना लागणारा वेळ बराच वाढतो.