बिस्किटांसाठी पवनचक्कीचा लाकडी साचा मागवला, त्याबद्दल सविस्तर

आधी थोडक्यात सांगते, ज्यांना घाई आहे त्यांच्यासाठी. साचा घ्या, सोबत येणारं मसाल्याचं पाकीट घेऊ नका. आता सविस्तर, कारण चार महिन्यांत मी या साच्यावर सात-आठ वेळा बिस्किटं केलीत आणि मला खरंच वाटतं की आपल्याकडच्या माणसांनी हे करून बघावं.

माझा भाचा डच लोकांच्या देशात, नेदरलँडमधल्या आयंडहोवनला नोकरीला आहे. दोन वर्षांपूर्वी तो लातूरला आला तेव्हा बॅगेतून बिस्किटाचा एक पुडा निघाला, पातळ, तपकिरी, वर पवनचक्कीचं चित्र आणि खालच्या अंगाला बदामाचे काप चिकटलेले. त्याला तिकडं स्पेकुलास म्हणतात. चहात बुडवून खाल्लं आणि सासूबाई म्हणाल्या, "अगं, ह्याला तर आपल्या बासुंदीचा वास यायलाय." जायफळ-वेलदोड्याचा वास होता तो. तेव्हापासून डोक्यात होतं की हे घरी करायचं. बाजारात लोटस बिस्कॉफ मिळतं ते याच घराण्यातलं, पण ते बेल्जियमचं, त्यात साखर जळल्याची चव पुढं आणि मसाला अगदी मागं असतो. डच बिस्किटात मसालाच मालक.

नोव्हेंबरमध्ये ऑनलाइन एक संच मागवला, साडेअकराशेला पडला. त्यात बीच लाकडाचा एक साचा, मसाल्याचं छोटं पाकीट आणि कृतीचा कागद. विकणाऱ्याचं नाव घेत नाही, कारण साचा त्यांनी चांगलाच दिलाय.

साच्याबद्दल आधी. वीतभर लांब फळी, त्यात पवनचक्की आत कोरलेली, साधारण पाऊण सेंटीमीटर खोल. पात्यांच्या जाळीची एकेक रेघ स्वच्छ, दारापुढं एक बारकी बाई उभी आहे तिच्या टोपीच्या चुण्यासुद्धा दिसतात. कडा घासून गुळगुळीत केल्यात, कुठं फास नाही. हात फिरवला तेव्हाच कळलं की हे मशीनवर घाईत काढलेलं काम नाही. एकच गोष्ट खटकली, पात्यांची टोकं फार निमुळती आहेत, पीठ तिथंच अडकतं, पहिल्या खेपेला दहातल्या सहा पवनचक्क्यांचं एकेक पातं साच्यातच राहिलं.

त्यावर उपाय सापडला तो तांदळाच्या पिठीत. कागदावर लिहिलं होतं साच्याला तेल लावा. लावू नका! तेल लावलं की मैदा लाकडाला चिकटून बसतो आणि बारीक रेघा बुजतात. तिकडचे जुने लोकही तांदळाचीच पिठी वापरतात असं भाच्यानं विचारून सांगितलं. मलमलच्या फडक्यात पिठी बांधून पुरचुंडी करायची, साच्यावर हलकी हलकी आपटायची, मग साचा उलटा करून टेबलाच्या कडेवर एकदा ठोकायचा म्हणजे जास्तीची पिठी गळून जाते. मग थंड पिठाचा गोळा अंगठ्यानं दाबत दाबत भरायचा, मधून कडेकडे. वरचं जास्तीचं पीठ सुरीनं कापलं तर ते ओढलं जातं आणि खालचं पण निघून येतं, मी दोन्ही हातात जाड दोरा ताणून धरते आणि फळीला टेकवून ओढते, एका झटक्यात सपाट. मग फळीची कड ओट्यावर जोरात ठोकायची. पहिल्या ठोक्याला काही होत नाही, दुसऱ्याला एक बाजू सुटल्याची रेघ दिसते, तिसऱ्याला अख्खी पवनचक्की बटर पेपरवर पडते, जाळी-बिळी सगळी. तो क्षण फार भारी असतो, माझी दहावीतली मुलगी तेवढ्यासाठी अभ्यास सोडून येते.

आता पाकीट. फोडलं तर वास नाही म्हटलं तरी चालेल. दालचिनीची भुकटी, ती पण जाड सालीची, तिखट जळजळीत, बाकी जायफळ-लवंग कुठं शोधावं लागत होतं. पॅकिंगची तारीख बघितली तर सोळा महिन्यांपूर्वीची. मसाला दळला की त्याचं तेल उडायला लागतं हे आपल्याला कुणी सांगायची गरज नाही, उन्हाळ्यात वर्षाचा काळा मसाला करणारी माणसं आपण, तो सुद्धा बरणीत हिंगाचे खडे टाकून दाबून ठेवतो. मग सोळा महिने कागदी पाकिटात राहिलेल्या भुकटीत काय राहणार.

मग इथल्या गंजगोलाईच्या बाजारात गेले, अख्खा मसाला आणला आणि घरीच केला. माझं प्रमाण असं बसलंय: आठ चमचे दालचिनी (सासूबाई तिला कलमी म्हणतात), दोन चमचे लवंग, दोन चमचे जायफळ, आणि सुंठ, वेलदोडा, पांढरी मिरी एकेक चमचा, सगळं पूड करून मोजायचं. दालचिनी दोन प्रकारची मिळते, जाड एकाच सालीची आणि पातळ पापुद्र्यांची गुंडाळी केलेली. ही दुसरी म्हणजे सिलोनची, महाग आहे पण बिस्किटाला तीच हवी, तिला गोडसर वास असतो. पांढरी मिरी म्हणजे वेगळं झाड नाही, तीच मिरी, पिकल्यावर भिजवून वरची साल काढलेली, तिचा झणका नाकात न जाता घशात उतरतो. जायफळ मिक्सरला लावू नका, बारीक किसणीवर किसा.

आणि एक मोठी चूक माझ्याकडून झाली ती तुमची होऊ नये म्हणून लिहिते. सवयीनं मी सगळा मसाला कढईत भाजून घेतला. आपला हात तसाच वळतो ना, मसाला म्हटलं की भाजायचा. ते बिस्किट कडू झालं, लवंग तर जळल्यासारखी लागत होती. इथं मसाला कच्चाच दळायचा, भाजायचं काम ओव्हन करतो. बिस्किट भाजताना मसाला लोण्यात आणि साखरेत मुरत मुरत भाजला जातो, म्हणून तर घरभर वास सुटतो. दुसऱ्या खेपेला शेजारच्या काकू जिन्यातूनच विचारत आल्या, "काय करायलीस गं, मसालेभात का?"

पिठाचं प्रमाण: अडीचशे ग्रॅम मैदा, दीडशे ग्रॅम बटर, सव्वाशे ग्रॅम ब्राऊन शुगर, दीड मोठा चमचा मसाला, चिमूटभर मीठ, लागलं तर दोन चमचे दूध. अंडं नाही, त्यामुळं आमच्याकडं एकादशी सोडून कधीही चालतं. सासूबाईंचा आग्रह होता की लोणी कशाला, घरचं साजूक तूप घाल. घातलं. चव अप्रतिम, अगदी नानकटाईसारखं तोंडात विरघळलं, पण साच्यातून एक पण धड निघेना, भुगा भुगा. लोण्यात थोडं पाणी असतं, ते पीठ बांधून धरतं, तुपात ते नसतं. म्हणून तुपाचं करायचं असेल तर साचा बाजूला ठेवा आणि हातानं थापा.

गुळाचं पण करून पाहिलं. नेदरलँडमध्ये गडद ओलसर साखर वापरतात, आपला गूळ चवीला तिच्या जवळ जातो. पण पूर्ण गुळाचं बिस्किट दुसऱ्या दिवशी मऊ पडलं. अर्धी ब्राऊन शुगर अर्धी गूळ पावडर केलं तेव्हा कुरकुरीतपणा टिकला आणि रंग पण सुंदर आला. आता मी असंच करते.

कागदावर एक चमचा बेकिंग पावडर लिहिली होती. ती घातली की बिस्किट फुगतं, आणि फुगलं की चित्र पुसलं जातं, पवनचक्कीचा नुसता ढेकूळ होतो. चित्र हवं असेल तर अजिबात घालू नका. पीठ मळून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा, मसाला मुरतो आणि लोणी घट्ट होतं म्हणून कड धारदार राहते. साच्यातून काढून ट्रेमध्ये ठेवल्यावर परत वीस मिनिटं फ्रिजमध्ये. मग १६० डिग्रीवर अठरा ते वीस मिनिटं. काढल्यावर मऊ वाटतं, घाबरून परत आत घालू नका, गार झाल्यावरच कडक होतं.

बदाम गरम पाण्यात दहा मिनिटं ठेवून सोलायचे आणि ओले असतानाच अडकित्त्यानं काप काढायचे, वाळले की तुकडे पडतात. काप ट्रेवर पसरायचे आणि त्यावर बिस्किट ठेवून हलकं दाबायचं. म्हणजे तोंडाकडची बाजू चित्राची आणि पाठ बदामाची. याचाच भरलेला प्रकार पण असतो, दोन थरांत बदामाचं सारण, मी अंड्याऐवजी दूध घालून केला. चांगला झाला, पण मला पातळच आवडतं.

डिसेंबरात एकदा ट्रे आत असतानाच लाईट गेली, बाराव्या मिनिटाला. दार उघडलं नाही, तसंच ठेवलं, पाऊण तासानं लाईट आली तोवर आतल्या गरमीवर बऱ्यापैकी झाली होती. दार उघडू नका एवढंच.

भाचा सांगतो तिकडं ही बिस्किटं ५ डिसेंबरच्या संध्याकाळची, सेंट निकोलसच्या सणाची. पोरं आधी बूट मांडून ठेवतात, त्यात त्याच्या घोड्यासाठी गाजर ठेवतात आणि सकाळी बुटात खाऊ मिळतो. छान वाटलं ऐकून. पण मी मसाल्याचा डबा उघडते तेव्हा मला दुसरंच आठवतं. यातलं एक पण त्या देशात पिकत नाही. मिरी आणि वेलदोडा मलबारचा, दालचिनी लंकेची, लवंग आणि जायफळ पार इंडोनेशियाकडच्या बेटांवरचं. १६०२ मध्ये त्यांची ईस्ट इंडिया कंपनी निघाली आणि १६२१ मध्ये जायफळासाठी बांदा बेटांवरची माणसं त्यांनी मारली, उरलेल्यांना पकडून नेलं. आपल्या वेंगुर्ल्यात सुद्धा डचांची वखार होती, पडक्या भिंती अजून उभ्या आहेत. मुलीला हे सगळं सांगितलं, बिस्किट करता करताच. तिनं जायफळ हातात घेऊन बराच वेळ बघितलं. कळायला पाहिजे पोरांना की डब्यातल्या एवढ्याशा वस्तूसाठी काय काय झालंय.

साच्याची निगा सोपी आहे. पाण्यात भिजवायचा नाही, साबण तर नाहीच, सुक्या दात घासायच्या ब्रशनं रेघा साफ करायच्या आणि सावलीत ठेवायचा. आमच्याकडच्या उन्हाळ्यात लाकूड तडकतं म्हणून मी महिन्यातून एकदा मागच्या बाजूला खोबरेल तेलाचा हात फिरवते. आणि एप्रिल-मेमध्ये बिस्किटं करायचीच असतील तर पहाटे पाचला करा, परवा दुपारी करायला घेतली तर दुसरी पवनचक्की भरेपर्यंत पिठातलं लोणी सुटायला लागलं.

पाडव्याच्या आधी गाठी घ्यायला गेले होते. तिथं साखरगाठीचे लाकडी साचे पाहिले आणि एकदम चमकले, हीच तर कारागिरी, उलटं कोरायचं आणि सुलटं उमटवायचं. गाठीवाल्या मामांनी एका सुताराचा पत्ता दिला. पवनचक्कीचा साचा पिशवीत घालून त्यांच्याकडं नेला. त्यांनी तो उन्हात धरला, रेघांवरून नख फिरवलं, म्हणाले, "ताई, काम लई निगुतीचं हाय. पण ह्यात पाक न्हाई ना वतायचा?" पीठ भरायचं आहे म्हटल्यावर म्हणाले मग इतकं खोल कशाला, आणि टोकं गोल ठेवतो, अडकणार न्हाई. पात्यांच्या टोकांची जी अडचण मला करून बघितल्यावर कळली ती त्यांना बघूनच कळली.

मी राघू सांगितलाय आणि खाली "श्री". अक्षर उलटं कोरावं लागणार म्हणून त्यांनी ते माझ्याकडून कागदावर लिहून घेतलं, कागद पालथा करून खिडकीच्या काचेला लावला आणि मागून पेन्सिलीनं गिरवला. सागवानाचा करणार आहेत, सहाशे म्हणालेत, अक्षय तृतीयेपर्यंत देतो म्हणाले. मिळाला की पहिला राघू भाजून त्याचा फोटो इथंच टाकते.