मालवणातला इंग्रजीचा क्लास: होमस्टेवाल्यांनी जरूर लावावा

तारकर्लीला आमच्या पाहुण्यांसाठी तीन खोल्या आहेत. हिंदीवर माझं भागतं, पण चेन्नई-बेंगळुरूकडची माणसं आली की अडतं. म्हणून पावसाळ्यात, खोल्या रिकाम्या असताना, मालवणात एका बाईंच्या घरी भरणारा क्लास लावला. दोन महिन्यांचे १८०० रुपये.

बाईंनी मायसेल्फ, युअरसेल्फ यांवर जवळजवळ दोन आठवडे घालवले. मला ते फार आवडलं. आधीच्या एका क्लासात आम्हाला 'मायसेल्फ अमुकतमुक' अशी ओळख करून द्यायला शिकवलं होतं आणि मी चार वर्षं तसंच म्हणत होते. बाईंनी विचारलं, "मराठीत 'मी स्वतः अमकी' अशी ओळख करून देता का गं? मग इंग्रजीत कशाला? सरळ 'आय ॲम' म्हण."

मराठीत एकटा 'स्वतः' सगळ्यांना पुरतो. इंग्रजीत माणूस बदलला की शब्द बदलतो. 'ही कट हिम' म्हणजे त्याने दुसऱ्याच कोणाला कापलं, 'ही कट हिमसेल्फ' म्हणजे आडाळ्यावर (विळीवर) स्वतःचं बोट कापून घेतलं. असं सांगितल्यावर विसरायला होत नाही.

माझ्या कामाचं सगळ्यात जास्त होतं ते 'हेल्प युअरसेल्फ'. एकदा एका पाहुणीने केकचा डबा पुढे करून मला तसं म्हटलं. मला वाटलं, मदत मागतेय. मी डबा उचलून आत नेऊन ठेवला. ती काही बोलली नाही, पण तिचा चेहरा अजून आठवतो. ते 'घ्या की, लाजू नका' असतं, हे क्लासात कळलं. आणि 'यू' एकालाही चालतं, दहांनाही चालतं, पण इथे मात्र फरक करावा लागतो: एकाला युअरसेल्फ, अख्ख्या कुटुंबाला युअरसेल्व्ज.

कुठे लावायचं नाही तेही सांगितलं. आंघोळ, दाढी, कपडे घालणं यांना सहसा लागत नाही. 'रिलॅक्स युअरसेल्फ' तर चूकच. आता विचारलं तर 'आय कुक एव्हरीथिंग मायसेल्फ' हे मी अभिमानाने सांगते, कारण खरंच सगळं मीच रांधते.

उणं एवढंच की एका खोलीत अठरा जणी बसतो. ज्या गप्प बसतात त्यांची पाळी येतच नाही. कागदही फक्त इंग्रजी लिपीत देतात, शेजारी देवनागरी असती तर आमच्या दोघी-तिघी मागे पडल्या नसत्या. पण पैसे वसूल झाले, यात शंका नाही.

जाणार असाल तर पुढच्या रांगेत बसा. मागे पंख्याच्या आवाजात 'सेल्फ' आणि 'सेल्व्ज' वेगळं ऐकू येत नाही.