के-२५० पाणबुडीचा आराखडा: २५० फूट कागदावरचे आणि पाण्यातले

स्वतःच्या वर्कशॉपमध्ये एका माणसाची पाणबुडी बांधायची असेल, तर के-२५० च्या आराखड्याचाच विचार आधी करावा. अमेरिकन नौदलातले निवृत्त कॅप्टन जॉर्ज किट्रेज यांचं हे डिझाइन. साधं स्टील, आत पृष्ठभागावरचाच हवेचा दाब, त्यामुळे वर येताना डीकम्प्रेशनचा, म्हणजे शरीरावरचा दाब हळूहळू उतरवत येण्याचा, प्रश्न नाही. तिचीच मोठी आवृत्ती के-३५० दोन माणसांची. नावातले आकडे म्हणजे खोलीची मर्यादा, फुटांमध्ये.

आराखडा चांगलाच आहे. घोटाळा त्या आकड्याच्या वाचनात होतो. २५० फूट ही मर्यादा कागदावरच्या पाणबुडीची. तुम्ही रोल केलेल्या, वेल्ड मारलेल्या पाणबुडीची मर्यादा किती, हे मोजून आणि पाण्यात उतरवूनच ठरतं.

२५० फूट म्हणजे ७६ मीटर, समुद्राच्या पाण्यात साधारण ७.७ बार (एक बार म्हणजे जवळपास पृष्ठभागावरच्या हवेइतका दाब). समजण्यासाठी एक नमुना घेऊ (ही के-२५० ची मापं नव्हेत): ९०० मिलिमीटर व्यासाचं, ६ मिलिमीटर जाडीचं, दीड मीटर लांबीचं नळकांडं. ७.७ बारला त्याच्या प्लेटवर येणारा ताण जेमतेम ५८ मेगापास्कल, आणि साधं स्टील २५० ला वाकतं. म्हणजे चौपट सुरक्षित? इथेच नवखे फसतात. बाहेरून दाब आला की प्लेट बहुधा ताणाने जात नाही, आधी चेपते. आतून आधार देणाऱ्या गोल रिंगा नसतील तर हे नळकांडं हिशेबाने ११.६ बारला, म्हणजे ११५ मीटरच्या आसपास चेपतं. चौपट वाटलेली सुरक्षितता दीडपटीवर आली, आणि हा हिशेब अगदी गोल नळकांड्याचा आहे. दर ३०० मिलिमीटरला भक्कम रिंग बसवली की चेपण्याचा दाब साठ बारच्या पुढे जातो आणि मग स्टीलची ताकद हीच मर्यादा उरते. म्हणून आराखड्यातली एकही रिंग वगळू नये, दोन रिंगांमधलं अंतर वाढवू नये, आणि रिंगेला वेल्डचे तुटक टाके मारून भागवू नये.

गंजाचं गणित याहून कठोर आहे. चेपण्याची ताकद जाडीच्या अडीचाव्या घाताने बदलते. याच बिनरिंगांच्या नळकांड्याची जाडी ६ वरून ५ मिलिमीटर झाली, की ११.६ बारचे ७.३ होतात. जाडी सतरा टक्के गेली, ताकद सदतीस टक्के, आणि मर्यादा ७६ मीटरच्या आत आली. गंज नेमका आतून, बॅटरीखाली आणि तळाशी साचलेल्या पाण्यात धरतो, जिथे रंगाचा ब्रश पोचत नाही. दर हंगामाआधी अल्ट्रासॉनिक गेजने जाडी घ्यावी, दरवेळी त्याच खुणांवर.

गोलाई मोजायची म्हणजे प्रत्येक दोन रिंगांमध्ये, दर ३० अंशांवर एक, असे सहा व्यास घ्यायचे. प्रेशर व्हेसलच्या (दाब सहन करणाऱ्या टाक्यांच्या) नेहमीच्या नियमात सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान व्यासातला फरक एक टक्का चालतो, म्हणजे आपल्या नमुन्यात ९ मिलिमीटर. पाणबुडीला तो सैल समजावा. याच्या निम्म्यावर आणता आला तर आणावा. वेल्डच्या लांब शिवणीपाशी प्लेटची टोकं सपाट राहणं हा सर्रास दिसणारा दोष. रोल करण्याआधी टोकं प्रेसवर वळवून घेतली नाहीत की तो येतो, आणि नंतर हातोडीने ठोकून जात नाही.

खिडक्यांसाठी कास्ट, म्हणजे साच्यात ओतलेलं, ॲक्रिलिकच घ्यावं. दुकानात स्वस्त मिळणारी एक्स्ट्रूडेड शीट नको. कापल्या-घासल्यावर ॲनिलिंग (तापवून हळूहळू थंड करणं) हवंच, नाहीतर यंत्रकामाचा ताण आत राहतो. थिनर, ॲसिटोन किंवा अमोनियाचं काच पुसायचं द्रव एकदा जरी लागलं, तरी केसासारख्या भेगा येतात आणि ती खिडकी बाद. ॲक्रिलिक उन्हात नरम पडतं, म्हणून ट्रेलरवर उभ्या पाणबुडीच्या खिडक्या झाकून ठेवाव्यात. सबंध बोटीची मर्यादा तिच्या सर्वांत दुबळ्या भागाइतकीच. टायटॅनिकच्या अवशेषांपर्यंत जाणाऱ्या टायटन पाणबुडीच्या खिडकीला १,३०० मीटरचीच हमी आहे, असा आक्षेप तिच्या कंपनीच्याच सागरी विभागप्रमुखाने २०१८ मध्ये घेतला होता. जायचं होतं ३,८०० मीटरवर. १८ जून २०२३ ला पाच माणसं गेली. ती गेली कार्बन फायबरचं कवच फुटून, पण मर्यादेच्या आकड्याकडे बघण्याची वृत्ती तीच.

बाहेर उघडणारं हॅच (आत-बाहेर जायचं झाकण) पाण्याच्या दाबानेच घट्ट बसतं. त्यामुळे ते वरच्या दोन मीटरांत ठिबकतं आणि खाली गेल्यावर थांबतं. थांबलं म्हणून बरं झालं असं समजू नये. ओ-रिंगची (हॅचच्या रबरी कडीची) खाच तपासावी.

वर येण्याचे दोन स्वतंत्र मार्ग हवेत. ७६ मीटरवर १०० लिटरची बॅलास्ट टाकी (बोट बुडवायला पाणी भरायची टाकी) हवेने रिकामी करायला पृष्ठभागावरची सुमारे ८७० लिटर हवा लागते. ११ लिटरच्या स्कूबा सिलिंडरमध्ये २०० बारला साधारण २,२०० लिटर मावते. दोन प्रयत्नांत ते जवळजवळ संपलं. दुसरा मार्ग ड्रॉप वेटचा, म्हणजे बोटीखालून सोडून द्यायच्या वजनाचा. ते हाताने, विजेशिवाय, बोट ३० अंश कललेली असतानाही सुटलं पाहिजे. तसं कलवूनच तपासा.

हवेचा अंदाज बहुतेकांचा चुकतो. दीड घनमीटरच्या केबिनमध्ये एका माणसाच्या श्वासाने कार्बन डायऑक्साइड पाऊण तासात एक टक्क्यावर जातो, म्हणजे ऑक्सिजनच्या कितीतरी आधी तोच त्रास देतो. बचावासाठी ७२ तासांचा साठा धरायचा तर कार्बन डायऑक्साइड शोषणारा १२ ते १५ किलो सोडा लाइम, शिवाय त्यातून हवा ढकलणारा पंखा. लेड-ॲसिड बॅटरी चार्ज करताना हॅच उघडं आणि ब्लोअर चालू. हायड्रोजन चार टक्क्यांना पेट घेतो.

चाचणी माणसाविना, दोरावर. २५० फुटांसाठी सव्वापट, म्हणजे ९५ मीटर, तासभर. दोर आणि क्रेन पाण्याने भरलेल्या बोटीचं वजन पेलेल असं धरावं. दीड घनमीटरची केबिन भरली तर दीड टन वाढतो. आधी आणि नंतर तेच व्यास मोजावेत. एखादा जरी बदलला आणि मूळ मापावर परत आला नाही, तर ती मर्यादा तुमच्या बोटीची नाही. पुढे माणूस बसवून उतरतानाही तळ मर्यादेच्या आत असलेल्या जागीच उतरावं, म्हणजे नियंत्रण सुटलं तरी बोट मर्यादेखाली जाऊ शकत नाही.

जुनी, बांधून तयार बोट विकत घेत असाल तर जाडीचा तक्ता, गोलाईची मापं, दोरावरच्या चाचणीची नोंद आणि खिडक्यांची तारीख मागा. सपाट खिडकीचं आयुष्य दहा वर्षं धरतात. हे कागद नसतील तर चाचणी पहिल्यापासून स्वतः करायची, आणि तो खर्च किमतीतून वजा करूनच भाव बोलायचा.