गॅलॅक्सी: साध्या संगणकावर आरएनए-सीक

मी प्राणिशास्त्र शिकवते. लिनक्सची काळी खिडकी उघडली की एमएस्सीच्या निम्म्या मुलांचे चेहरे पडतात, आणि विभागातल्या संगणकांची ४ जीबी रॅम बघितली की माझा. म्हणून यंदाचं आरएनए-सीकचं (पेशीतला आरएनए वाचून कुठलं जनुक किती चालू आहे ते मोजण्याचं) प्रात्यक्षिक आम्ही गॅलॅक्सी या जैविक डेटाच्या विश्लेषणाच्या व्यासपीठाच्या युरोपीय सर्व्हरवर केलं. तो जर्मनीत फ्रायबुर्गहून चालतो, ब्राउझरमध्ये उघडतो आणि फुकट आहे. नोंदणी केली की २५० जीबी जागा मिळते. आपलं इंटरनेट रडतखडत चालत असेल तरी अडत नाही, कारण एसआरए या सार्वजनिक डेटासाठ्यातला क्रमांक दिला की डेटा परस्पर सर्व्हरवर उतरतो.

आम्ही घेतला गॅलॅक्सीच्याच प्रशिक्षण-पानांवरचा फळमाशीचा डेटा. पॅसिला हे जनुक दाबलेले (म्हणजे त्याचं काम कमी केलेले) ३ नमुने, न दाबलेले ४. फास्टक्यूसी या साधनाने दर्जा बघा, वाचलेले तुकडे जीनोमवर बसवा, फीचरकाउंट्सने प्रत्येक जनुकावर किती पडले ते मोजा, डीईसेक-टूने दोन गटांची तुलना करा. प्रत्येक काम उजवीकडे एका चौकोनात दिसतं: रांगेत असेल तर राखाडी, चालू असेल तर पिवळा, झालं की हिरवा, फसलं की लाल. फुकटचा सर्व्हर म्हटल्यावर राखाडी चौकोन बघत बसायची तयारी हवी. उद्या प्रेझेंटेशन आणि आज रात्री सुरुवात, असं करू नका.

खरी मजा पीसीए आलेखात आली. त्यात एकमेकांसारखे नमुने जवळ आणि वेगळे नमुने लांब दिसतात. पहिल्या अक्षावर दाबलेले आणि न दाबलेले नमुने वेगळे पडले, ते अपेक्षितच होतं. पण दुसऱ्या अक्षावरही दोन गट! काही नमुन्यांचे तुकडे एकाच टोकाने (सिंगल-एंड), काहींचे दोन्ही टोकांनी (पेअर्ड-एंड) वाचलेले, त्याचा तो फरक. डीईसेक-टूमध्ये हा दुसरा घटक म्हणून भरायची सोय आहे. पण तो भरायचा, हे यंत्र सांगत नाही. आलेख बघून तुम्हालाच सुचावं लागतं, आणि माझ्या मते याच जागी जीवशास्त्राच्या विद्यार्थ्याला संख्याशास्त्र शिकण्याची गरज पटते.

तीच गोष्ट डीईसेक-टूच्या निकालाच्या तक्त्यातल्या सातव्या रकान्याची. सहाव्यात साधं पी-मूल्य (खरा फरक नसतानाही निव्वळ योगायोगाने इतका फरक दिसण्याची शक्यता), सातव्यात हजारो जनुकं एकदम तपासल्याचा हिशेब धरून सुधारित. मुलांचा हात सहाव्याकडे जातो, कारण तिथे यादी लांबलचक मिळते. माशीची प्रथिनं बनवणारी जनुकं साधारण १४,०००. एकातही फरक नसला तरी ०.०५च्या चाळणीतून ७०० निव्वळ योगायोगाने खाली पडतील. म्हणून बेंजामिनी-होखबर्ग पद्धतीने सुधारलेला सातवाच घ्यायचा. (यादी एक्सेलमध्ये उघडताना जपून. माशीचे क्रमांक सुरक्षित असतात, पण माणसाच्या सेप्ट-२ जनुकाची एक्सेल तारीख करून टाकायचं. शेवटी २०२० मध्ये अशा जनुकांची नावंच बदलली.)

मला सगळ्यात आवडली ती गॅलॅक्सीची हिस्टरी, म्हणजे केलेल्या कामांची नोंद. कुठलं साधन, कुठली आवृत्ती, कुठले पर्याय, सगळं नोंदलेलं. "मॅडम, माझे आकडे वेगळे आले," असं कुणी म्हटलं की त्याच्या हिस्टरीची लिंक मागवायची. बहुतेकदा फीचरकाउंट्समध्ये स्ट्रँडचा (डीएनएच्या दोनपैकी कुठल्या धाग्यावरचे तुकडे मोजायचे त्याचा) पर्याय वेगळा निवडलेला सापडतो. डेटा स्ट्रँडनिहाय असेल आणि तो उलटा पडला तर मोजणी जवळजवळ रिकामीच येते. याउलट एका कंपनीकडून आम्ही पैसे मोजून विश्लेषण करून घेतलं होतं. हाती आली गुळगुळीत पीडीएफ, रंगीत व्होल्कॅनो प्लॉट (बदललेली जनुकं दाखवणारा आलेख), आणि कुठली आवृत्ती वापरली याचा पत्ता नाही.

खटकणारं म्हणाल तर साधनांचा नुसता बाजार आहे. एकाच कामाला चार-चार पर्याय, आणि नवख्याला फरक कळत नाही. गुंतागुंतीची प्रयोगरचना असेल तर सरळ आर (R) ही संगणकभाषा शिकून घ्या, तिथे हात मोकळा राहतो. आणि रुग्णांचा डेटा असेल तर तो अशा सार्वजनिक सर्व्हरवर चढवूच नका. गॅलॅक्सी स्वतःच्या संस्थेच्या सर्व्हरवरही बसवता येतं, ते करून घ्या.